फवारणीआधी परसबाग एकदा नीट पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की डेंग्यूच्या धास्तीने शहरातल्या अनेक ले-आउटमध्ये वर्गणी गोळा होते आणि खासगी कंत्राटदाराकडून घरोघरच्या अंगणांत धूरफवारणी करून घेतली जाते. आमच्या ले-आउटमध्येही ही प्रथा आता रुळली आहे. यंदाच्या बैठकीत तर त्याच्या जोडीला सर्व परसबागांतील झाडांवर दर पंधरवड्याला कीटकनाशक मारून घ्यावे, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला जराही शंका नाही. ज्यांच्या घरात डेंग्यूचा रुग्ण होऊन गेला आहे, त्यांची भीती खरी आहे. तरीही ज्या बागांवर औषध मारायचे त्या बागांत नेमके कोण राहते, याची चौकशी कोणालाच करावीशी वाटली नाही, ही गोष्ट मला फार खटकली. डास, अळ्या, माश्या, कोळी, भुंगे हे सारे एकाच यादीत टाकून सर्वांचा एकदम बंदोबस्त करण्याची भाषा तिथे चालली होती. परसबागेतील लहान जीवांचे निरीक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या आधारावर मला असे सांगायचे आहे की बाग पाहणाऱ्या माणसाला फवारणीची गरज क्वचितच पडते, आणि पडली तरी ती कुठे, केव्हा आणि किती करायची हे त्याला कळते.

आधी डासांविषयीच बोलणे योग्य होईल, कारण सारा प्रश्न तिथून सुरू होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, बहुतांशी घरातच वावरतो, पलंगाखाली किंवा टांगलेल्या कपड्यांमागे अंधाऱ्या जागी विसावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वांग्याच्या किंवा जास्वंदीच्या पानांवर त्याची पैदास होत नाही. धूरफवारणीत सहसा डिझेलमध्ये मॅलॅथिऑन किंवा सायफेनोथ्रिनसारखे कीटकनाशक मिसळलेले असते. तो धूर हवेत असेपर्यंत त्याच्या तावडीत सापडलेले उडते डास मरतात, पण पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना काहीही होत नाही, आणि पुढच्या दिवसापासून नवे डास बाहेर पडू लागतात. म्हणूनच सरकारी मार्गदर्शक सूचनांतही धूरफवारणी ही साथ पसरलेली असतानाची उपाययोजना मानली जाते आणि कायमचा भर डासांच्या पैदाशीच्या जागा नाहीशा करण्यावर असतो.

नागपुरात या जागा शोधायला लांब जावे लागत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात घराघरांत कूलर आहेत आणि पाऊस सुरू झाल्यावर त्यांतले कित्येक तळाशी पाणी असतानाच खिडकीला किंवा गच्चीवर तसेच राहून जातात. एडिसची मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते आणि ती अंडी पाणी आटल्यानंतरही अनेक महिने तग धरून राहतात. त्यामुळे कूलरचे पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही. टाकीच्या कडा घासून काढल्याशिवाय तो कूलर पुढच्या मोसमासाठी निर्धोक होत नाही. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारणपणे आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे, रांजण, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर आणि फ्रिजच्या मागची पाण्याची तबकडी रिकामी करणे, आणि जे टाके रिकामे करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडणे, हे उपाय धुरापेक्षा कितीतरी जास्त परिणामकारक आहेत. ले-आउटची वर्गणी याच कामावर खर्च व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या धुरात आणखी कोण सापडते ते पाहू. आमच्याकडे फवारणीची गाडी येते ती दिवस मावळताना. नेमक्या त्याच वेळी परसातल्या मांडवावर लवकीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुले उमलत असतात. या दोन्ही वेलांची फुले संध्याकाळी उघडतात, नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, आणि नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत नेण्याचे काम मुख्यतः तिन्हीसांजेला उडणारे पतंग करतात. लांब सोंडेचा एक मोठा पतंग एकाच जागी हवेत स्थिर राहून लवकीच्या फुलातला मध पितो, तेव्हा त्याच्या पंखांचा वेग इतका असतो की पंख दिसतच नाहीत. हे दृश्य नागपूरच्या कोणत्याही अंगणात, वेल फुलावर असताना, पंधरा मिनिटे शांतपणे उभे राहिले तर पाहायला मिळू शकते. मादी फुलाला पराग मिळाला नाही तर त्यामागची बोटभर लवकी पिवळी पडते आणि गळून जाते. वेलाला भरपूर फुले येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार मी अनेक घरांतून ऐकते, आणि त्यावर पुन्हा एखादे औषध आणून मारले जाते. फळ न धरण्याची कारणे इतरही असू शकतात, हे मला मान्य आहे. परंतु ज्या संध्याकाळी फुले उमलतात त्याच संध्याकाळी अंगणात कीटकनाशकाचा धूर सोडायचा आणि नंतर वेलाला दोष द्यायचा, यात वेलावर अन्याय होतो.

दिवसाच्या कामकऱ्यांची गोष्ट याहूनही सुरस आहे. वांग्याच्या फुलातले परागकोष बंद नळ्यांसारखे असतात आणि त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते, त्यामुळे मधमाशीने वरवर पाय फिरवून पराग हाती लागत नाहीत. निळसर पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशी आणि काळा मोठा भुंगा मात्र या फुलाला घट्ट धरून, पंख न हलवता, पंखांचे स्नायू विशिष्ट वेगाने थरथरवतात आणि त्या कंपनाने पराग छिद्रातून बाहेर उडतात. कान देऊन ऐकले तर त्या क्षणी माशीच्या गुणगुणण्याचा सूर बदललेला स्पष्ट जाणवतो. सातेरी किंवा फुलोरी मधमाश्यांना ही युक्ती साधत नाही. हाच काळा भुंगा शेवग्याच्या फुलांवरही येतो, वाळलेल्या लाकडात किंवा मांडवाच्या बांबूत भोक पाडून तिथे आपली पिल्ले वाढवतो आणि त्याच्या धिप्पाड रूपामुळे लोकांच्या झाडूचा मार खातो. त्यांतला नर तर डंख मारूच शकत नाही आणि मादी हाताने पकडल्याशिवाय सहसा डंख मारत नाही.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने आखल्याप्रमाणे गोल तुकडे कापलेले दिसले की बहुतेक जण रोग समजून औषधाची बाटली काढतात. ते काम पाने कापणाऱ्या माशीचे असते. ती ते तुकडे खात नाही. उचलून भिंतीतल्या एखाद्या छिद्रात किंवा पोकळ काडीत नेते, त्यांची पुंगळी वळते, त्यात पराग आणि मध भरून एकच अंडे घालते आणि वरून पुन्हा पानाचे गोल झाकण बसवते. गुलाबाचे यात काहीही बिघडत नाही. तसेच खिडकीच्या चौकटीवर किंवा झाडाच्या काडीवर लहानशा माठाच्या आकाराचे मातीचे मडके दिसते, तेही काढून टाकण्याची सवय अनेकांना आहे. हे घर करणारी कुंभारीण माशी आत एक अंडे बारीक धाग्याने टांगते, मग बागेतल्या अळ्यांना डंख मारून बधिर करून एकेक आत आणून भरते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. आतली अळी बाहेर येईपर्यंत तिच्या अन्नाची सोय झालेली असते. अशी एक माशी जेवढ्या अळ्या वेचते, त्या वेचायला आपल्याला बाजारातून औषध आणावे लागते. एकटी राहणारी ही माशी आपल्या मडक्याच्या रक्षणासाठी माणसावर धावून येत नाही. पोळे करून समूहाने राहणाऱ्या गांधीलमाशीची गोष्ट वेगळी आहे; ती दाराच्या वर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर ते पोळे हलवावेच लागते, आणि ते जाणकाराकडूनच हलवून घ्यावे.

मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घरच्या बागेत सर्वाधिक औषध माव्यासाठीच मारले जाते. वालाच्या शेंड्यावर मावा दिसला की तो दोन-चार दिवसांत भराभर वाढतो, कारण माव्याच्या माद्यांना पिल्लांसाठी नराची गरज लागत नाही आणि त्या थेट जिवंत पिल्ले घालतात. पण धीर धरून तोच शेंडा रोज पाहिला तर तिथे आणखी मंडळी येऊ लागलेली दिसतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा बहुतेकांना ओळखता येतो, मात्र त्याची अळी काळपट, लांबट, काटेरी आणि नारिंगी डागांची असल्यामुळे तीच कीड समजून चिरडली जाते, आणि ती अळी माव्याचा फडशा प्रौढ ढालकिड्याइतक्याच उत्साहाने पाडत असते. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अंडी पानावर केसासारख्या बारीक दांड्यांच्या टोकाला असतात. ती बुरशी समजून पुसली जातात. मधमाशीसारख्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माशीची अळीही मावाच खाते. औषध मारले की मावा आणि हे सारे मित्रकीटक एकत्र मरतात, परंतु मागे राहिलेल्या थोड्या माव्यापासून पुन्हा वस्ती उभी राहायला फार दिवस लागत नाहीत, तर ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात माव्याला खाणारे कोणी उरलेले नसते, म्हणून पुन्हा औषध मारावे लागते, आणि ते चक्र सुरू होते. त्यापेक्षा शेंड्यावर पाण्याची जोरदार धार मारावी, फारच वाढला तर तो शेंडाच खुडून टाकावा आणि अगदी नाइलाज झाला तर तेवढ्याच फांदीवर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. संपूर्ण बागेवर दर पंधरवड्याला, कीड असो वा नसो, रसायन मारण्याचे समर्थन मला कोणत्याही अंगाने करता येत नाही.

संत्र्यांच्या या शहरात लिंबाच्या आणि गोडलिंबाच्या झाडावरची अळी न पाहिलेला माणूस विरळाच. ती लहान असताना तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात; मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते, आणि तिला डिवचले तर डोक्यामागून लालसर रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. महिनाभराच्या आत तिचे फुलपाखरू होते. गोडलिंबावरच्या कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या काही माद्या तर कॉमन रोज नावाच्या दुसऱ्याच, पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखराचे रूप घेऊन वावरतात, आणि हे नाटक आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात चालू असते. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. त्या फुलपाखराच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवरच वाढतात. संत्र्याची बाग हे ज्याचे पोट आहे त्या शेतकऱ्याने या अळ्यांचा बंदोबस्त करणे समजण्यासारखे आहे, नव्या कलमांची तर ती पुरती पाने फस्त करू शकते. पण अंगणातल्या डोक्याइतक्या उंच झाडाला चार अळ्यांनी काहीही होत नाही. रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलून बेलाच्या झाडावर ठेवता येते.

कीटकनाशकाइतकेच मोठे नुकसान आपण जमीन झाकून करतो आहोत, आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही. चिखल नको, झाडलोट सोपी जावी, गाडी उभी करता यावी म्हणून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवले जातात. जगातल्या मधमाशीवर्गीय माश्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना उघडी, न खणलेली माती लागते. मृग नक्षत्राच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारे लाल मखमली मृगाचे किडे आमच्या पिढीने मुठी भरभरून पाहिले. आठ पायांचा हा जीव खरे तर कोळ्याच्या आणि विंचवाच्या कुळातला. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीत असतो, पावसानंतर थोडे दिवस वर येतो, कीटकांची अंडी खातो आणि पुन्हा जमिनीत जातो. ज्या अंगणात मातीच उरलेली नाही, तिथे तो वर कुठून येणार? संपूर्ण अंगण मोकळे ठेवणे सर्वांना शक्य नाही, हे मी जाणते. भिंतीच्या कडेने दोन फूट रुंदीचा पट्टा न झाकता सोडावा, त्यात एकदांडी, तरोटा, रुई यांसारखे आपोआप उगवणारे थोडे तण राहू द्यावे आणि गळलेला पाला जाळण्याऐवजी एका कोपऱ्यात पडू द्यावा, एवढे मात्र बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. एकदांडीच्या इवल्या फुलावर फुलपाखरे मध घेतात, तरोट्यावर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात, आणि रुईवर वाढणारी प्लेन टायगरची पट्टेदार अळी त्या झाडाचे विष स्वतःच्या अंगात साठवून पक्ष्यांपासून स्वतःचे रक्षण करते.

या पाहण्याला आपल्या शहरात जुनी परंपरा आहे, हेही वाचकांच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते. अजब बंगल्याचे, म्हणजेच मध्यवर्ती संग्रहालयाचे ई. ए. डिअब्रू यांनी १९३१ साली तेव्हाच्या मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली होती, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नागपूर शहर आणि परिसरातून १४५ जातींच्या फुलपाखरांची नोंद झाली आहे. अशा नोंदी केवळ अंबाझरी, गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्स येथे फिरून पूर्ण होत नाहीत. धरमपेठेपासून बेसा-मनीषनगरपर्यंतच्या अंगणांत कोणत्या महिन्यात काय दिसले, हे त्या घरातल्या माणसाशिवाय कोणी सांगू शकणार नाही. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधी वही, तारीख, वेळ, कोणत्या झाडावर दिसले आणि ते काय करत होते, एवढे लिहिले तरी ती नोंद कामाची ठरते. मोबाईलवर फोटो घेतला तर ओळख पटवणे सोपे जाते.

लहान मुलांना या कामात जरूर घ्यावे, पण काही काळजीही घ्यावी. केसाळ अळ्यांना हात लावू देऊ नये, त्यांच्या केसांनी अंगाला खाज आणि चट्टे उठतात. पाल्याच्या ढिगात किंवा विटांखाली हात घालू नये, तिथे विंचू असू शकतो. बागेत साप दिसला तर त्याला मारण्याऐवजी दूर राहून सर्पमित्राला बोलवावे. सापसुरळी मात्र पूर्णपणे बिनविषारी आहे आणि तिला पाहताच काठी उगारण्याचे काही कारण नाही. सरडा, पाल, बेडूक, कोळी आणि पावसाळ्यात अंगणावर घिरट्या घालणारे चतुर हे सारे डासांना आणि किड्यांना खाणारे आहेत. चतुराची पिल्ले तर पाण्यात राहून डासांच्या अळ्याच खातात. डासांवर म्हणून सोडलेल्या धुरात चतुरही सापडतो, ही गोष्ट वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावी.

ले-आउटच्या आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की परिसरात डेंग्यूचे रुग्ण नसताना केवळ रिवाज म्हणून धूरफवारणी करू नये. आरोग्य यंत्रणेच्या सांगण्यावरून ती करावीच लागली तर आदल्या दिवशी रहिवाशांना कळवावे, कोणते रसायन वापरणार ते लेखी सांगावे, आणि फुलावर आलेले वेल व मधमाश्यांची पोळी शक्य तितकी टाळावीत. झाडांवरची सरसकट फवारणी तर पूर्णपणे थांबवावी आणि ज्या घराला ती नको असेल त्याच्या नकाराचा मान राखावा. आमच्या बैठकीत या विषयाचा निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला आहे, तोपर्यंत घरोघरचे कूलर घासून कोरडे करण्याची मोहीम आम्ही काही जणींनी हाती घेतली आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक सुचवावेसे वाटते. जून ते ऑक्टोबर या काळात नागपूर आवृत्तीत आठवड्यातून एकदा वाचकांनी आपल्या परसबागेत केलेल्या नोंदींसाठी थोडी जागा द्यावी आणि शहरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतील अभ्यासकांकडून त्या तपासून घ्याव्यात. अशा सदरासाठी माझ्याकडच्या वह्या मी आनंदाने उपलब्ध करून देईन.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, नागपूर